ग्रुपवर टाकलं होतं

आमच्या वाचनालयात पूर्वी काही नवं ठरलं की ते तोंडानं सांगितलं जायचं. सकाळी शटर वर जाण्याआधी जुन्या ग्रंथपाल मॅडम आम्हा सगळ्यांना देवघेवीच्या टेबलाभोवती उभं करायच्या. उद्यापासून चालू मासिकं घरी द्यायची नाहीत, दिवाळीची सुट्टी एक दिवस पुढे गेली, संदर्भाची कपाटं वरच्या मजल्यावर जाणार, असं जे असेल ते सांगायच्या. बोलून झालं की त्या मामांकडे बघायच्या. मामा म्हणजे आमचे पुस्तकं बांधणारे. झाडलोट, पाणी, दारं उघडणं हेही तेच करत. मॅडमनी सांगितलेलं मामा आपल्या भाषेत परत म्हणून दाखवत. "म्हंजे मासिक हितंच बसून वाचाचा. घरा न्हाय न्यावाचा." मॅडम मान हलवायच्या आणि शटर वर जायचं.

या रोजच्या उभं राहण्याचा आम्हाला कंटाळा यायचा, हे खरं. कुणाचा वेळ रिक्षा मिळण्यात गेलेला असे, कुणाला डबा ठेवायचा असे. पण वाचनालयात काय चाललंय हे आम्हा चौघापाचजणांना सारखंच माहीत असायचं. एकाला ठाऊक आणि दुसऱ्याला नाही, असं फारसं होत नसे.

मॅडम निवृत्त झाल्या आणि नवे सर आले. ते वयानं माझ्याच आसपासचे, कल्याणहून येणारे. कामाला चोख होते. त्यांनी पुस्तकांची नोंद संगणकावर घेतली, बंद पडलेला पंखा बदलून घेतला, वाचनकक्षात पोरं मोबाइलवर गाणी लावायची ते थांबवलं. आणि व्हॉट्सॲपचा ग्रुप काढला. यापुढे सगळ्या सूचना ग्रुपवर येतील, म्हणजे तोंडी सांगण्यात वेळ जाणार नाही आणि कुणाला 'मला माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही, असं त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं.

मामांकडे बटणांचा फोन होता. सरांनी नंबर मागितला तेव्हा मामांनी मुलाचा दिला. त्यांचा मुलगा त्यांच्याच पूर्णा गावात एका मोठ्या गोदामात कामाला होता. ऑनलाइन मागवलेला माल तिथून सुटायचा आणि त्याला बहुतेक रात्रपाळी असायची. गोदाम जिथं उभं आहे तिथं मामांच्या घरची भातशेती होती, भावांनी मिळून विकलेली. मामा हे कधी तक्रारीच्या सुरात सांगत नसत. "आमच्याच खाचरात पोरगा नोकरीला जातंय," एवढंच म्हणत.

मी तेव्हा सरांना म्हटलं होतं की नंबर मुलाचा आहे, मामांपर्यंत रोजचं पोचेल कसं. सर म्हणाले, "घरात एकाकडे आला म्हणजे पोचला." बोलण्यात तुसडेपणा नव्हता. त्यांना ते खरंच तसं वाटत होतं.

मग मी माझ्यापुरता एक मार्ग काढला. सकाळी मामा बांधणीच्या खोलीत चिकटवायची खळ ढवळत बसलेले असत. मी आत डोकावून ग्रुपवर काय आलंय ते सांगत असे. ही खोली पुस्तकांच्या भांडाराला लागून आहे. मध्ये भिंत नाही, लाकडी फळ्यांचं पार्टिशन आहे, तेही छतापर्यंत गेलेलं नाही. खोलीला मागच्या गल्लीत उघडणारं स्वतंत्र दार होतं आणि त्याची किल्ली मामांच्या कमरेला असायची. मी सांगायचे, मामा ऐकायचे, आणि जुन्या सवयीनं परत म्हणून दाखवायचे. त्यांना वाचता येत होतं. मोबाइलवरचं बारीक मात्र दिसायचं नाही, आणि मोबाइल मुळात त्यांच्या हाती नसायचाच.

पुढे नारपोलीला आमची छोटी शाखा सुरू झाली. दोन खोल्या, वर्तमानपत्रं आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. तिथली जबाबदारी माझ्यावर आली. मी आनंदानं गेले. घर जवळ होतं, आई आजारी होती, दुपारी जाऊन तिला जेवू घालता यायचं. आजूबाजूला दिवसभर कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट. पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, मग तो आवाज बंद पडला तरच लक्ष जायला लागलं. मुख्य वाचनालयाशी माझा संबंध उरला तो त्या ग्रुपपुरताच.

त्या वर्षी भांडारात वाळवी लागली. जुनी चरित्रं, बांधलेली मासिकं, सगळ्यात खालची रांग पोखरून गेली. सरांनी कार्यकारी मंडळाकडून मंजुरी घेतली आणि पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलं. नुसती फवारणी पुरणार नाही, भांडार बंद करून आत गॅसच्या गोळ्या ठेवाव्या लागतील, असं त्या लोकांनी सांगितलं. आमची साप्ताहिक सुट्टी सोमवारी. म्हणून सोमवार ठरला. हे सरांनी मामांना स्वतः सांगितलं होतं, कारण भांडारातली खालची पुस्तकं हलवायला मामाच लागणार होते. मामांनी दोन दिवस खपून ती वर चढवली.

शनिवारी संध्याकाळी पेस्ट कंट्रोलवाल्याचा सरांना फोन आला. सोमवारी त्याची माणसं दुसऱ्या मोठ्या कामावर जाणार होती. आजच करतो, नाहीतर पुढच्या महिन्यात, असं तो म्हणाला. सर तेव्हा घरी पोचलेले होते. त्यांनी शेजारच्या दुकानदाराकडे ठेवलेली जादा किल्ली त्या माणसांना द्यायला सांगितली आणि ग्रुपवर मेसेज टाकला. रविवारी वाचनालय पूर्ण बंद राहील, भांडारात गॅस सोडलेला आहे, कोणीही इमारतीत जाऊ नये, मंगळवारी नेहमीच्या वेळेला यावे. तो मी नारपोलीहून घरी परतताना वाचला. सगळ्यांनी त्याखाली होकाराचे अंगठे टाकले. मामांच्या नंबरवरून कधीच काही यायचं नाही, तसं तेव्हाही आलं नाही, आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटायचं कारण नव्हतं.

पेस्ट कंट्रोलच्या माणसांनी भांडारात गोळ्या ठेवल्या, त्याच्या समोरच्या दाराच्या फटींना चिकटपट्टी लावली आणि धोक्याचा इंग्रजीतला कागद डकवला. मागच्या खोलीचं दार गल्लीत उघडतं हे त्यांना माहीत नव्हतं. पार्टिशनच्या वर मोकळी जागा आहे हे त्यांना दिसलं असणार. पण पलीकडे कुणी बसत असेल असं वाटलं नसावं.

रविवारी सकाळी मामा नेहमीसारखे आले. पूर्ण्याहून शेअर रिक्षानं धामणकर नाका, तिथून चालत. रविवारी वाचनालय उशिरा उघडायचं, म्हणून ते लवकर येऊन बांधणीचं काम उरकून घ्यायचे. मागच्या गल्लीतून आले, आपलं दार उघडलं, उजेडासाठी दिवा लावला आणि कामाला बसले. खळीच्या डब्यात पाणी घातलेलं होतं, एका पुस्तकाचा पुठ्ठा कापून झालेला होता. त्या गॅसला लसणीसारखा वास येतो असं पुढे डॉक्टरांनी सांगितलं. आमच्या त्या गल्लीत सकाळपासून खाणावळींची पातेली चढलेली असतात. लसणीच्या वासाचं तिथं कुणाला काय वाटणार.

दुपारी ते जेवायला घरी गेले नाहीत. मामींनी फोन केला, वाजत राहिला. त्यांना वाटलं, काम असेल. संध्याकाळी त्यांनी मुलाला उठवलं. तो रात्रपाळी करून सकाळी झोपला होता. बापाला बघून ये, म्हणाल्या. तो मोटरसायकलवरून आला. समोर शटर बंद, म्हणून मागे गेला. दार आतून नुसतं लोटलेलं होतं.

मामा पुठ्ठ्यांच्या ढिगावर कलंडलेले होते. तोंडाला फेस सुकलेला. मुलगा त्यांना ओढत गल्लीत घेऊन आला, तेवढ्यात त्यालाही मळमळायला लागलं. गल्लीतल्या लोकांनी दोघांना रिक्षात घातलं. रिक्षातूनच तो सरांना फोन लावू लागला. नंबर सेव्ह नव्हता, म्हणून त्यानं ग्रुप उघडला. आणि तिथं तो मेसेज होता.

हे त्यानं मला नंतर सांगितलं. तेव्हा फक्त सरांचा फोन आला, रडत. काय म्हणतायत ते मला आधी कळेचना. मी दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टरांनी सांगून टाकलेलं होतं. मामी बाकावर बसल्या होत्या, पदर तोंडात धरून. मुलगा भिंतीला टेकून उभा होता. त्याला सलाइन लावायला बोलावत होते, तो जात नव्हता. सर त्याच्यासमोर दोनदा गेले आणि दोन्ही वेळा परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर शोकसंदेश आला. मामांचा फोटो, वाचनालयाच्या वर्धापनदिनाचा, त्यात ते टोपी घालून कडेला उभे आहेत. 'आपले सर्वांचे लाडके' अशी सुरुवात. खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग. तो संदेश मामांच्या मुलाच्याही मोबाइलवर गेला असणार, हे मला दिवसभर सुचलं नाही.

पोलिसांनी चौकशी केली. ज्यानं गोळ्या ठेवल्या त्या मजुराला उचललं. तो बिहारकडचा होता, आमच्याकडे पहिल्यांदाच आलेला. त्याच्या मालकालाही धरलं, पण तो दोन दिवसांत बाहेर आला. मजूर बरेच दिवस आत राहिला.

मग कार्यकारी मंडळानं आपली चौकशी लावली. वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये अध्यक्ष, कार्यवाह आणि आणखी दोघं बसले होते. आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. खिडक्या उघड्या होत्या तरी कुणी खोल श्वास घेत नव्हतं असं मला वाटत होतं. कार्यवाहांनी सरांचा मोबाइल मागून घेतला आणि सगळ्यांना दाखवला. मेसेजवर बोट धरलं की कुणी कुणी वाचला ते दिसतं. त्यात मामांचं नाव होतं. रविवारी सकाळी, मुलाची पाळी संपायच्या सुमाराला वाचलेला.

"सूचना दिली होती, ती वाचलीही गेली होती," कार्यवाह म्हणाले. "यापेक्षा संस्थेनं अजून काय करायला हवं होतं?"

त्यांच्या बोलण्याचा रोख मला हळूहळू उमगला. मामांना कळलं होतं आणि तरी ते गेले, किंवा घरच्यांनी सांगितलं नाही, यातलं काहीतरी एक लिहायचं होतं. दोन्हीमध्ये वाचनालय बाजूला राहत होतं. मग ते माझ्याकडे वळले. मी सगळ्यात जुनी. हा नंबर मामांचाच ना, असं त्यांनी विचारलं. होकार गृहीत धरूनच विचारलं.

मी म्हटलं, "नाही. तो त्यांच्या मुलाचा आहे. मामांकडे बटणांचा फोन होता. हे इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे."

मी पुढे सांगितलं की सोमवार ठरला तेव्हा मामांना तोंडी सांगितलं होतं. बदल झाला तेव्हा सांगितलं नाही. बटणांच्या फोनवर एक फोन लागला असता. कार्यवाहांनी विचारलं की तुम्हाला हे एवढं वाटत होतं तर आधी का नाही बोललात. मी म्हटलं, बोलले होते, ग्रुप काढला त्या दिवशी. सरांकडे न बघता म्हटलं. सर मात्र मान वर करून म्हणाले, "हो. बोलल्या होत्या त्या." तेवढं म्हणायला त्यांना किती जड गेलं असेल ते मला कळत होतं. ते वाईट माणूस नव्हते. त्या शनिवारी त्यांच्या घरी पाहुणे होते, पेस्ट कंट्रोलवाला घाई करत होता, आणि मेसेज टाकला की काम झालं याची त्यांना सवय झाली होती. आम्हा सगळ्यांनाच झाली होती.

अहवालात आलं की हा दुर्दैवी अपघात आहे, सूचना वेळेत प्रसारित करण्यात आली होती, ती संबंधितापर्यंत पोचण्यात त्रुटी राहिली. त्रुटी कुणाची ते लिहिलेलं नव्हतं. शेवटी शिफारस होती. यापुढे प्रत्येक कर्मचाऱ्यानं ग्रुपवरील सूचनेखाली 'वाचले' असं लिहिणं बंधनकारक राहील.

तेराव्याला मी पूर्ण्याला गेले. आता गावात शिरायचं म्हणजे कंटेनरांच्या रांगेच्या कडेकडेनं जावं लागतं. घर जुनंच, बैठं, दोन बाजूंनी गोदामांच्या पत्र्याच्या भिंती वर गेलेल्या. अंगणात नातेवाईक बसले होते. बायकांत कुजबुज चालली होती आणि मी गेल्यावर ती थांबली. पण आधी कानावर पडलं ते पुरेसं होतं. मोबाइलमध्ये आलं होतं म्हणे, पोरानं बघितलं होतं म्हणे.

मामींनी मला आत बसवलं. पाणी दिलं. त्या मुलाबद्दल काही म्हणाल्या नाहीत, फक्त "जेवत न्हाय" एवढंच. तो मागच्या पडवीत होता. मी गेले तर उठून उभा राहिला. पंचविशीतला मुलगा, मामांसारखाच उंच, डोळे खोल गेलेले.

"ताई, मी बघितला होता," तो म्हणाला. मी काही विचारलं नव्हतं. पाळी सुटताना त्यानं मोबाइल उघडला होता. गोदामाचे तीन ग्रुप, गावचा एक, मित्रांचा एक, आणि वाचनालयाचा. सगळ्यांवरचे न वाचलेल्या मेसेजचे आकडे घालवायला तो एकेक उघडून बंद करत गेला. वाचनालयाचाही उघडला आणि बंद केला. वाचनालयाचं त्याला काय, पुस्तकांचंच काहीतरी असतं. घरी आला तेव्हा बाप निघून गेलेला होता. तो झोपला.

"मी वाचलं असतं तर फोन केला असता ना," तो म्हणाला. "बाबा तेव्हा नाक्यावरच असतील."

मी त्याला म्हटलं, "सांगायचं काम तुझं नव्हतं."

"मग कुणाचं होतं?"

"आमचं."

तो परत खाली बसला. नंतर म्हणाला, "पण आलं तर माझ्याच मोबाइलवर."

मी खोटा धीर देणारं काही बोलले नाही, एवढंच.

मग त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. ग्रुप चालूच होता. मामांचा फोटो, हात जोडलेले, त्याखाली मंगळवारची ड्युटी, त्याखाली सफाईसाठी तात्पुरत्या माणसाची सोय झाल्याचं, त्याखाली 'सर्वांनी वाचले असे लिहावे'. सगळ्यांनी लिहिलेलं. त्याच्या नंबरवरून काही नव्हतं, आणि एका नव्या मेसेजखाली कुणीतरी सवयीनं विचारलंही होतं की एकाचं उत्तर बाकी आहे, कोण राहिलंय.

मी त्याला विचारलं की तू यातून बाहेर का पडला नाहीस. तो म्हणाला, "निघालं की तिथं लिहून येतं ना, अमका गेला म्हणून. तुमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये नंबर बाबांच्या नावानं आहे. तसं लिहून आलेलं मला नको होतं."

मी परतल्यावर सरांना फोन करून तो नंबर ग्रुपमधून काढायला सांगितलं. ग्रुप त्यांच्याच हातात होता. थोड्या वेळानं ग्रुपवर बारीक अक्षरांत ओळ आली, सरांनी मामांना काढून टाकल्याची. माझ्या मोबाइलवर मामांचं नाव तसंच आलं, जसं मी सेव्ह केलं होतं. त्याखाली लगेच दुसऱ्या कुणाची तरी, ताळेबंदाच्या बैठकीची सूचना.

सर सहा-आठ महिन्यांनी नोकरी सोडून गेले. जाताना नारपोलीला येऊन गेले. चहा घेतला, आईची चौकशी केली. उठताना म्हणाले की मागच्या दारावर मराठीत एक कागद लावला असता तरी चाललं असतं, हे रोज डोक्यात येतं. मी मान हलवली.

मुख्य वाचनालयात परत येता का, असं मंडळानं मला विचारलं. मी आईचं कारण सांगून नाही म्हटलं. तिथं बांधणीची खोली बंद केली आहे. पुस्तकं आता बाहेर देतात, ती चिकटवून येतात आणि वर्षभरात सुटतात. झाडलोटीला ठेकेदाराची माणसं येतात, दर दोन-तीन महिन्यांनी नवी. त्यांच्या मोबाइलवरून 'वाचले' लगेच येतं. मी एकदा त्यातल्या एका बाईला विचारलं, काय वाचलंस. ती हसली. उत्तर प्रदेशातली होती, तिला मराठी वाचताच येत नव्हतं. तिला सुपरवायझरनं सांगून ठेवलं होतं की काहीही आलं की हे टाकायचं. त्यानं तिला तो शब्द मोबाइलमध्ये तयार करून दिला होता. मी हे वर कळवलं. लक्ष घालू, असं उत्तर आलं, ग्रुपवर.

नारपोलीत आम्ही दोघंच. मी आणि एक तरुण मुलगी, संगणकाचं बघणारी. दार उघडायच्या आधी मी तिला जे असेल ते सांगते आणि परत म्हणायला लावते. तिला ते शाळेसारखं वाटतं. कधी वैतागून म्हणते, "मॅडम, वाचलंय मी." मी म्हणते, तरी सांग. ती सांगते.

मामी मध्यंतरी नाक्यावर भेटल्या, रिक्षाची वाट बघत. हातात भाजीची पिशवी होती. मुलाचं विचारलं, तर म्हणाल्या, गोदामातली नोकरी सोडली, आता कुठं लांब ट्रकवर जातो. पंधरा-पंधरा दिवस घरी नसतो. फोन करता का, विचारलं. त्या म्हणाल्या, "मोबाइलच न्हाय ठेवत तो, बाय. कुठं हाय ते मना न्हाय समजत. येल तवा येल."

रिक्षा आली, भरलेलीच होती. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अंग चोरून त्या बसल्या आणि गेल्या.